वारंवारतेची पारख : मोजण्यापेक्षा जुळवून पाहणे

तंबोरा जुळवणारा कलावंत तारेची कंपने मोजत बसत नाही. जोडीच्या दोन तारा एकामागून एक छेडल्या की त्यांच्या एकत्रित नादात हेलकावा ऐकू येतो. आवाज क्षणभर भरतो, क्षणभर ओसरतो. दोन तारांत अंतर जितके जास्त, तितका हा हेलकावा जलद. मणी किंचित सरकवला की तो मंदावतो, आणखी सरकवला की एका हेलकाव्याला चार-पाच सेकंद लागतात आणि अखेर तो विरून जातो. त्या तारेची वारंवारता किती हर्ट्झ आहे हे कलावंताला ठाऊक नसते, ठाऊक असण्याची गरजही नसते. दोन कंपनांतला फरक मात्र त्याने अतिशय बारकाईने पकडलेला असतो.

अत्यंत अचूक विद्युत कंपने निर्माण करणाऱ्या साधनांची परीक्षा प्रयोगशाळेत याच न्यायाने होते. तेथे तारांच्या जागी दहा मेगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला एक कोटी आवर्तनांची, दोन विद्युत कंपने असतात आणि कानाच्या जागी एखादे कला-मापक यंत्र. व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर हे असेच एक यंत्र आहे. ते मुळात या कामासाठी बनवलेले नाही. अँटेना, केबल आणि फिल्टर यांची तपासणी हे त्याचे नेमून दिलेले काम. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या सूक्ष्मतरंग प्रयोगशाळेत ते वर्षातून काही दिवस प्रात्यक्षिकांपुरते चालते आणि उरलेला काळ आच्छादनाखाली पडून राहते. त्याच्या या दुसऱ्या गुणाची ओळख करून घेणे म्हणूनच व्यवहाराचे आहे.

एवढ्या अचूकतेची गरज कोणाला, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मनगटावरचे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा सेकंद पुढेमागे झाले तर आपले काहीच अडत नाही. हा दोष दहा लाखांत सुमारे सहा इतका भरतो. पण मोबाईल मनोऱ्याला एवढी सूट नसते. मोठ्या मनोऱ्याच्या लहरीची वारंवारता शंभर कोटींत पन्नास एवढ्याच मर्यादेत चुकलेली चालते. ५जी सेवेच्या ज्या पट्ट्यात मनोरा एकाच वारंवारतेवर आळीपाळीने बोलतो आणि ऐकतो, तेथे शेजारच्या मनोऱ्यांच्या घड्याळांना सामाईक वेळेपासून दीड मायक्रोसेकंदापलीकडे ढळण्याची मुभा नाही. ढळलेच, तर एक मनोरा ऐकत असताना दुसरा बोलू लागतो आणि ग्राहकाला ‘नेटवर्क खराब आहे’ एवढेच कळते. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीच्या तीस तबकड्या सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. त्यांनी टिपलेल्या लहरी एकत्र जुळवायच्या तर सर्व तबकड्यांपाशी एकाच उगमाचा ताल पोहोचावा लागतो. हौशी रेडिओचालकांचेही तसेच. कतारच्या उपग्रहावरील हौशी प्रसारण दहा गिगाहर्ट्झच्या थोडे वर ऐकावे लागते. तेथे एक कोटीत एक एवढा दोष राहिला तरी आवाज हजार हर्ट्झने सरकतो, आणि पलीकडचा माणूस बोलतो आहे की बदक ओरडते आहे हे समजेनासे होते.

याहून गंभीर गोष्ट प्रयोगशाळेतच दडलेली असते. प्रत्येक फ्रिक्वेन्सी काउंटरच्या पोटात त्याचे स्वतःचे एक क्वार्ट्झ स्फटिकाचे घड्याळ असते आणि काउंटर जे काही मोजतो ते त्या घड्याळाच्या हिशेबाने. स्फटिक वयानुसार सरकतो. तो मंदावला, तर काउंटरसमोर येणारे प्रत्येक कंपन प्रत्यक्षाहून जलद भासते. तो दोष काउंटरच्या पडद्यावर कोठेही दिसत नाही. उलट, त्याला त्याचेच घड्याळ मोजायला दिले तर तो निःशंकपणे बरोबर एक कोटी हर्ट्झ दाखवतो. भिंतीवर टांगलेले तपासणी-प्रमाणपत्र त्या तारखेपुरते खरे असते, पुढच्या वर्षभराची हमी देण्याची शक्ती त्या कागदात नसते.

मोजणे आणि जुळवणे

साधा काउंटर एक सेकंद दार उघडे ठेवतो आणि आत आलेली आवर्तने मोजतो. शेवटचे आवर्तन दारात अर्धे अडकले तर ते धरायचे की सोडायचे, एवढा संशय राहतोच. म्हणून एका सेकंदात एक कोटी आवर्तने मोजली तरी अचूकता एक कोटीत एक याच्या पुढे जात नाही. दहा हजार कोटींत एक एवढा बारीक फरक याच पद्धतीने पकडायचा तर दार दहा हजार सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांहून अधिक काळ, उघडे ठेवावे लागेल. आधुनिक काउंटर त्या अर्धवट आवर्तनाचाही अंश मोजतात आणि बरीच सुधारणा घडवतात, पण उत्तम दर्जाचे असे काउंटर महाग असतात.

आता मोजणी सोडून कलेकडे वळू. अभियंते ज्याला फेज म्हणतात त्याला मराठी परिभाषेत कला हा शब्द आहे, आणि चंद्राच्या कलांमुळे तो आपल्याला परका नाही. आवर्तन म्हणजे एक पूर्ण फेरी, ३६० अंशांची. एखाद्या क्षणी कंपन त्या फेरीत कोठे आहे ते कला सांगते. दहा मेगाहर्ट्झच्या कंपनाची एक फेरी १०० नॅनोसेकंदांत पुरी होते. म्हणजे एक अंश म्हणजे सुमारे ०.२८ नॅनोसेकंद. दोन कंपनांच्या कलांतील फरक पाहत राहिले आणि तो स्थिर राहिला, तर वारंवारता समान. फरक वाढत गेला, तर एक दुसऱ्यापेक्षा जलद, आणि किती जलद ते त्या वाढीच्या वेगावरून कळते. तंबोऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पूर्ण हेलकावा होईपर्यंत थांबण्याचे कारण उरत नाही. हेलकाव्याचा तीनशे साठावा भाग सरकला तरी तो दिसतो.

एक उदाहरण घेऊ. दोन स्रोतांतील कलाफरक हजार सेकंदांत ३६ अंशांनी वाढला. ३६ अंश म्हणजे फेरीचा दहावा भाग, म्हणजे १० नॅनोसेकंद. हजार सेकंदांत १० नॅनोसेकंद याचा अर्थ दहा हजार कोटींत एक. ज्या फरकासाठी साध्या काउंटरला पावणेतीन तास लागले असते आणि तरीही शेवटच्या एका आवर्तनाचा संशय उरला असता, तो येथे सतरा मिनिटांत सरळ रेषेच्या रूपाने समोर येतो. बरा ॲनालायझर एक दशांश अंशाचा बदल सहज ओळखतो, तेव्हा प्रत्यक्षात शंभर सेकंदांतही हे काम भागते. हाच फरक कायम राहिला तर दोन घड्याळांत दिवसाला ८६४ नॅनोसेकंदांचे अंतर पडेल, आणि वर सांगितलेल्या मनोऱ्याची दीड मायक्रोसेकंदाची मुभा पावणेदोन दिवसांत संपून जाईल.

यंत्र आणि त्याची जोडणी

व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर, पुढे व्हीएनए म्हणू, स्वतः एक शुद्ध कंपन निर्माण करतो. त्याचा एक भाग तपासायच्या वस्तूत पाठवतो, दुसरा भाग संदर्भ म्हणून जवळ ठेवतो. वस्तूतून बाहेर आलेले कंपन आणि संदर्भ यांची तुलना करून ते किती पटीने लहानमोठे झाले आणि कलेत किती सरकले, या दोन्ही गोष्टी तो सांगतो. परिमाण आणि दिशा ही दोन्ही अंगे एकत्र, म्हणून सदिश, म्हणून व्हेक्टर. अशी यंत्रे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात स्थिरावली.

त्याच्या आत संदर्भाचा आणि तपासणीचा असे किमान दोन रिसीव्हर असतात. दोघांकडे आलेले कंपन एकाच स्थानिक कंपनाशी मिसळून खालच्या, हाताळायला सोप्या वारंवारतेवर आणले जाते आणि मग त्यांचे गुणोत्तर काढले जाते. या गुणोत्तरातच सारी खुबी आहे. स्थानिक कंपन थोडे थरथरले तर ती थरथर दोन्ही रिसीव्हरांत सारखीच उतरते आणि भागाकारात नाहीशी होते. मोजणारा स्वतः डळमळीत असूनही त्याचे माप स्थिर राहते, ही सोय काउंटरमध्ये नाही.

जोडणीचे दोन मार्ग आहेत. पहिला बहुतेक आधुनिक यंत्रांवर चालतो. यंत्राच्या पाठीमागे बाहेरचा दहा मेगाहर्ट्झ संदर्भ देण्याची खाच असते. पहिला स्रोत तेथे जोडायचा, म्हणजे यंत्राचे अंतर्गत कंपन त्या स्रोताच्या तालावर चालू लागते. दुसरा स्रोत समोरच्या रिसीव्हरच्या पोर्टला द्यायचा. यंत्राला वारंवारतेचा पट्टा चाळू न देता दहा मेगाहर्ट्झवर स्थिर ठेवायचे आणि आडव्या अक्षावर वेळ मांडायची. पडद्यावर दुसऱ्या स्रोताची कला पहिल्याच्या तुलनेत उमटत जाते. या मार्गात एक उणीव आहे. पहिल्या स्रोतापासून यंत्राच्या अंतर्गत कंपनापर्यंतची साखळी खोलीच्या तापमानाने सरकली, तर ते सरकणेही मापात मिसळते.

दुसरा मार्ग अधिक स्वच्छ. ज्या यंत्रात संदर्भ रिसीव्हरची वाट बाहेर उघडी असते, तेथे पहिला स्रोत थेट संदर्भ रिसीव्हरला आणि दुसरा तपासणी रिसीव्हरला द्यायचा. यंत्राचे अंतर्गत कंपन मग जवळजवळ संपूर्णपणे हिशेबाबाहेर पडते. हेवलेट-पॅकार्डचे ३५७७ए हे जुने यंत्र ५ हर्ट्झ ते २०० मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात चालते आणि त्याला तीन स्वतंत्र रिसीव्हर आहेत. आजच्या गिगाहर्ट्झच्या जमान्यात त्याला कोणी विचारत नाही, पण या कामासाठी ते कित्येक नव्या यंत्रांपेक्षा सोयीचे आहे. तीन रिसीव्हर असल्याने एका संदर्भाविरुद्ध दोन स्रोत एकाच वेळी पाहता येतात, आणि तिसऱ्या घड्याळाचे महत्त्व किती ते पुढे येईलच.

तळहातावर मावणारे स्वस्त व्हीएनए अलीकडे अनेक हौशी मंडळींकडे असतात. ते या कामाला लावण्याचा मोह होतो, पण त्यांतील बहुतेकांना बाहेरचा संदर्भ स्वीकारण्याची सोय नसते. अशा यंत्राच्या पोर्टला उत्तम स्रोत जोडला तर तुलना होते ती यंत्रातल्या साध्या स्फटिकाशी. तो दहा लाखांत एकानेही चुकत असला तरी दहा मेगाहर्ट्झवर दहा हर्ट्झचा फरक पडतो, कला सेकंदाला दहा फेऱ्या मारते आणि पडद्यावर केवळ गोंधळ दिसतो. खुल्या रचनेच्या काही लहान यंत्रांत मात्र बाह्य संदर्भाची खाच दिलेली आहे, घेण्यापूर्वी तेवढे पाहावे.

जोडण्याआधी एक इशारा. दहा मेगाहर्ट्झचे प्रमाण-स्रोत बऱ्यापैकी जोरकस संकेत देतात आणि व्हीएनएचे रिसीव्हर नाजूक असतात. मध्ये दहा ते वीस डेसिबलचा ॲटेन्युएटर घालावा आणि यंत्राच्या पोर्टवर छापलेली कमाल मर्यादा वाचावी. रिसीव्हर जळाला तर दुरुस्तीचा खर्च सगळ्या प्रयोगापेक्षा मोठा होतो.

आधी यंत्राची परीक्षा

मापन सुरू करण्यापूर्वी एकच स्रोत स्प्लिटरने दुभंगून दोन्ही रिसीव्हरांना द्यावा आणि यंत्र काही तास तसेच चालू ठेवावे. कंपन स्वतःशी कधी पुढेमागे होत नाही. तेव्हा आलेख सपाट यायला हवा. त्यात जी थरथर आणि जो उतार दिसेल तो सगळा यंत्राचा, केबलचा आणि खोलीचा. नंतरच्या मापनात त्याहून लहान काही दिसले तर त्यावर विश्वास ठेवू नये. घाईत बहुतेक जण हीच पायरी वगळतात आणि मग वातानुकूलन यंत्राच्या चालू-बंद होण्याला अणुघड्याळाचा दोष समजून बसतात.

केबलचे वागणे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. एक मीटर कोॲक्शियल केबल संकेताला सुमारे पाच नॅनोसेकंद उशीर करते, म्हणजे दहा मेगाहर्ट्झवर अठरा अंश. हा उशीर कायम राहिला तर काही बिघडत नाही, कारण आपण कलेचे मूल्य पाहत नसून तिची चाल पाहतो. तो बदलला तर मात्र फसगत होते. ज्या केबलमध्ये टेफ्लॉनचे आवरण असते तिची कला १९ अंश सेल्सियसच्या आसपास झपाट्याने बदलते, कारण त्या तापमानाला टेफ्लॉनची अंतर्गत रचनाच बदलते. गोव्याच्या हवेत खोली आपण होऊन इतकी थंड होत नाही. पण यंत्रांची काळजी म्हणून वातानुकूलन १८-१९ अंशांवर लावून ठेवले, तर नेमकी तीच सीमा दिवसभरात अनेकदा ओलांडली जाते. पंचवीस अंश आणि स्थिर हवा यांचा लाभ अधिक.

दुसरा सापळा अधिक फसवा आहे. इ. स. १६६५ मध्ये आजारपणात अंथरुणावर पडलेल्या क्रिस्तियान हॉयगेन्सला दिसले की एकाच आधारावर टांगलेली त्याची दोन लंबक-घड्याळे काही वेळाने परस्परांच्या तालात डोलू लागतात. आधारातून पोहोचणारा नकळतसा हादरा त्याला पुरेसा होता. दोन विद्युत स्रोतही असेच वागतात. एकाच वीजपुरवठ्यातून, स्प्लिटरमधून किंवा सैल कनेक्टरमधून एकाचे कंपन दुसऱ्यात झिरपले, तर दुबळा स्रोत बळकटाच्या मागे ओढला जातो आणि आलेख मोहक वाटावा इतका सपाट येतो. वाईट आलेख पाहून माणूस सावध तरी होतो, चांगला आलेख पाहून तो निष्कर्ष लिहायला बसतो. म्हणून दोन्ही स्रोतांना वेगळा वीजपुरवठा द्यावा आणि प्रत्येकापुढे पृथक्करण करणारा बफर ठेवावा. मग एका स्रोताची वारंवारता मुद्दाम किंचित ढळवून आलेख त्याप्रमाणे कलतो ना, हे पाहावे. कोणत्या बाजूला कलला यावरून वर जाणारी रेषा म्हणजे कोणता स्रोत जलद, हेही आपोआप ठरून जाते.

आलेख काय सांगतो

आता पडद्याकडे पाहू. कला १८० अंशांपर्यंत चढली की यंत्र तिला उणे १८० वर आणून ठेवते, त्यामुळे आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. संगणकावर नोंद घेऊन हे दाते जोडून घेतले की खरी रेषा मिळते.

रेषा सरळ आणि तिरकी असेल तर दोन स्रोतांत कायमचा फरक आहे. त्यात वाईट काही नाही, फरक किती हे कळले म्हणजे तो दुरुस्त करता येतो. रेषा कमानीसारखी वळत गेली तर वारंवारताच बदलते आहे, म्हणजे एखादा स्फटिक अजून तापतो आहे किंवा त्याचे वय बोलते आहे. तासाला दोन-तीन हेलकावे घेणारी रेषा बहुतेक वेळा वातानुकूलन यंत्राच्या चक्राशी जुळते. एकदम आलेली पायरी म्हणजे कोणी केबलला धक्का दिला. पण एखाद्या क्षणी रेषेचा उतारच बदलला आणि पुढे तसाच राहिला, तर स्फटिकाने उडी मारली असे समजावे. जुन्या क्वार्ट्झमध्ये असे घडते, आणि असा स्रोत कितीही देखणा असला तरी प्रमाण म्हणून वापरू नये. रेषेची जाडी हीसुद्धा माहितीच असते. ती कमी वेळातील थरथर दाखवते.

येथे एक गोष्ट उघड होते, जी केवळ अंक पाहून कधीच ध्यानात आली नसती. सर्वोत्तम घड्याळ असे काही नसते. तापनियंत्रित ओव्हनमध्ये ठेवलेले चांगले क्वार्ट्झ एक ते दहा सेकंदांच्या अवधीत विलक्षण स्थिर असते, लाख कोटींत एक एवढे. पण दिवसागणिक ते सरकत जाते. रुबिडियमचे अणुघड्याळ सेकंदाच्या अवधीत त्याच्यापेक्षा खडबडीत, पण काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत त्याच्यापेक्षा पुष्कळ विश्वासू. जीपीएसच्या तालावर चालणारा स्रोत तर काही मिनिटांच्या आलेखावर चक्क भटकताना दिसतो. उपग्रहांकडून येणारी टिकटिक दहा-वीस नॅनोसेकंद पुढेमागे होते आणि त्या धावत्या लक्ष्यामागे स्रोत आपली दिशा सुधारत राहतो. तथापि दिवसाच्या शेवटी तो भटकून पुन्हा जागेवर आलेला असतो. दहा नॅनोसेकंदांचा संशय पूर्ण दिवसावर वाटला की तो दहा लाख कोटींत एक याच्या आसपास येतो, आणि एवढ्या दीर्घ अवधीत कोणताही क्वार्ट्झ त्याच्या जवळपास पोहोचत नाही.

म्हणूनच स्थिरतेविषयी बोलताना किती अवधीसाठी हे सांगणे आवश्यक ठरते. घड्याळांच्या बाबतीत नेहमीचे प्रमाण विचलन कामाला येत नाही, कारण जितकी दीर्घ नोंद घ्यावी तितके ते वाढतच जाते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ॲलन यांनी १९६६ मध्ये त्याला पर्याय मांडला. सलग दोन अवधींतील सरासरी वारंवारतांचा फरक घ्यायचा आणि अशा फरकांवरून विचलन काढायचे. ॲलन विचलन या नावाने ते आज सर्वत्र रूढ आहे. व्हीएनएने दिलेल्या कलेच्या नोंदीतून ते संगणकावर सहज काढता येते.

दोघांत खरा कोण

इतके सारे केल्यावरही एक मूलभूत अडचण शिल्लक राहते. आलेख फरक सांगतो, दोषी सांगत नाही. रेषा वळली ती पहिल्यामुळे की दुसऱ्यामुळे, हे दोघांच्या तुलनेतून कळण्याचा कोणताही मार्ग नाही. कितीही महाग यंत्र आणले तरी नाही.

उपाय तिसऱ्या घड्याळात आहे. अ, ब आणि क अशा तीन स्रोतांची दोन-दोन करून तुलना करायची. प्रत्येक जोडीच्या अस्थिरतेचा वर्ग हा त्या दोघांच्या वर्गांची बेरीज असतो, अर्थात दोघे परस्परांपासून स्वतंत्र असतील तर. समजा अ-ब जोडीचा वर्ग ५ आला, अ-क जोडीचा १० आणि ब-क जोडीचा १३. अ ज्यांत आहे त्या दोन जोड्यांची बेरीज १५, त्यातून उरलेल्या जोडीचे १३ वजा केले तर २, त्याचे अर्धे १. हा एकट्या अ चा वाटा. त्याच रीतीने ब चा ४ आणि क चा ९ निघतो. तीन जोड्यांतून तीन एकट्यांचा न्याय झाला. या रीतीलाही मर्यादा आहेत. तिन्ही स्रोत एकाच खोलीत एकाच झुळकीने थंड होत असतील तर ते स्वतंत्र उरत नाहीत, आणि एखाद्याचा वर्ग उणे निघण्याचा चमत्कारही घडतो. असे उत्तर आले की गणित तपासण्यापूर्वी खोली तपासावी.

तिसऱ्या साक्षीदाराची ही गरज केवळ लहान प्रयोगशाळेची नाही. पॅरिसजवळच्या सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजने व मापे कार्यालय जगभरातील चारशेहून अधिक अणुघड्याळांची परस्पर तुलना करून त्यांच्या भारित सरासरीतून जागतिक प्रमाणवेळ ठरवते. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील घड्याळे त्या मेळ्यात आहेत आणि भारतीय प्रमाणवेळ तेथूनच येते. सेकंदाची व्याख्या सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवर १९६७ मध्ये बांधली गेली, तरीही कोणत्याही एका सीझियम घड्याळाला अंतिम मानले जात नाही.

घड्याळ ढासळल्यास काय होते ते आपल्या देशाने पाहिले आहे. १ जुलै २०१३ रोजी प्रक्षेपित झालेल्या आयआरएनएसएस-१ए या दिक्‌चालन उपग्रहावर आयात केलेली तीन रुबिडियम घड्याळे होती. ती तिन्ही निकामी झाल्याचे २०१७ च्या आरंभी जाहीर झाले. उपग्रह शाबूत होता, संदेश पाठवू शकत होता, पण स्थान सांगण्याच्या कामाचा उरला नाही. प्रकाश एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जातो, तेव्हा ज्या उपग्रहाची वेळच भरवशाची नाही त्याने दिलेले अंतर निरर्थक ठरते. त्याच्या जागी पाठवलेला १एच हा उपग्रह ३१ ऑगस्ट २०१७ रोजी उष्णताकवच न सुटल्याने वाया गेला, आणि एप्रिल २०१८ मध्ये १आय कक्षेत पोहोचला. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहावर देशात बनवलेले रुबिडियम घड्याळ प्रथमच चढले. असे घड्याळ वर पाठवण्यापूर्वी जमिनीवर दीर्घकाळ दुसऱ्या घड्याळाशी ताडून पाहावे लागते, आणि त्या तपासणीचा गाभा वर वर्णन केलेली कलेची तुलना हाच असतो. साधने अर्थात कितीतरी सरस असतात.

आपल्याकडे एखाद्या महाविद्यालयाला किंवा रेडिओ-मंडळाला हा प्रयोग करायचा असेल, तर दूरसंचार यंत्रणेतून मोडीत निघालेले रुबिडियम घड्याळ, जीपीएसच्या तालावर चालणारा एक स्रोत आणि एक बरे ओव्हन-क्वार्ट्झ एवढी तिकडी पुरते. जीपीएसच्या अँटेनाला आकाश मोकळे हवे, माडांच्या झावळ्यांखाली ती ठेवू नये. पावसाळ्यात वीज जाते-येते. वीज गेली की ओव्हन थंड होतो आणि परत तापल्यावर स्फटिक नेमक्या पूर्वीच्या वारंवारतेवर येईलच असे नाही, तेव्हा यूपीएसशिवाय नोंद सुरू करण्यात अर्थ नाही. व्हीएनए किमान दोन तास आधी सुरू असावा. क्वार्ट्झला स्थिरावायला त्याहून फार जास्त काळ, काही दिवसही, लागतात. पहिल्या रात्रीची वक्र रेषा म्हणून बाजूला ठेवावी आणि हिशेब पुढच्या आठवड्याच्या नोंदीवर करावा.